वाऱ्याचं झाकण

जीवरामआबांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण सावद्याजवळच्या त्या गावात कोणी फवारणीचं नवं औषध आणलं, की बाटली आधी आबांच्या ओट्यावर यायची आणि मग शेतात जायची. लेबलवर लिहिलेलं असायचं, एकरी पाचशे मिली. शेतकऱ्याची केळी साडेतीन एकर, फवारायला पाणी लागतं सात ड्रम, मग एका ड्रमला औषध किती? आबा तंबाखू चोळता चोळता सांगायचे, "अडीचशे." पाठीवरचा पंप असला तर ते झाकणांत सांगायचे, कारण शेतात मोजायला बाटलीचं झाकणच असतं. झाकण पाच मिलीचं की दहाचं, हे ते हातात घेऊन सांगत. एकदा एका दुकानदाराने दिलेला हिशोब त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या खोडून काढला होता आणि समोरच्या नवलची दोन एकर केळी जळता जळता वाचली होती. तेव्हापासून नवल आबांना विचारल्याशिवाय भाजीत मीठसुद्धा टाकत नाही, अशी गावात त्याची चेष्टा चाले.

या हिशोबात एक गोष्ट मात्र कोणत्याच लेबलवर नसायची. पंपाला तीन झाकणं निघाली, की आबा म्हणायचे, "तीन. आन एक वाऱ्याचं." फवारताना थोडं औषध वारा घेऊन जातो. त्याच्या नावाचं एक झाकण जास्त टाकायचं. आबांचे वडील असंच करत, गाव असंच करतं. त्याने कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बेबाबाई, आबांची बायको, जाऊन तेरा महिने झाले होते.

ती धुळ्याकडची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी तिची बोली बदलली नाही. इकडच्या बायका तिच्या 'शे'ला हसायच्या आणि ती त्यांच्या 'हाये'ला हसायची; दोन्हींचा अर्थ 'आहे'च. तिच्या पायांवर सूज यायची म्हणून लघवी होण्याची गोळी चालू होती. त्यातच जुलाब आणि उलट्या लागल्या. जळगावच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. रक्तात पोटॅशियम कमी झालंय, म्हणाले. कागदावर आकडा होता दोन पूर्णांक नऊ. घरी सोडताना दोनशे मिलीची एक बाटली दिली. कंपाउंडरने बोटाने दाखवून सांगितलं, "दहा मिली, म्हणजे या बाटलीची दोन झाकणं. अर्धा पेला पाण्यात. दिवसातून तीनदा. पाचव्या दिवशी सकाळी काही न देता रक्त तपासायला घेऊन या."

घरी आल्यावर आबांनी लेबल वाचलं आणि म्हणाले, "हे तं आपलं पोटॅशच हाये. केयीले देतो तेच."

बेबाबाई खाटेवरून म्हणाली, "केळीले पोटॅश, माले बी पोटॅश. आते मन्हा घड किती किलोना व्हई?"

दवाखान्यात तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. दिलेलं औषध निम्मं बाहेर यायचं. आबांच्या मनात ते होतं. त्यांनी पेल्यात दोन झाकणं ओतली आणि मग तिसरं ओतलं. जे बाहेर पडेल त्याचं. बेबाबाईनं बघितलं, पण विचारलं नाही. पेला तोंडाला लावताना फक्त म्हणाली, "तुम्ही मोजेल शे ना? मंग बराबरच शे."

चार दिवस, दिवसातून तीनदा. त्या चार दिवसांत तिला एकदाही उलटी झाली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, जळगावला जाताना, भुसावळच्या पुढे गाडीतच तिची मान कलली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात सगळं संपलं. तिथे घेतलेल्या रक्ताचा कागद नंतर मिळाला. पोटॅशियम सात पूर्णांक चार. डॉक्टर म्हणाले, किडन्या आधीच कमजोर होत्या, ते बाहेर टाकता आलं नाही. मुलगा तेजस वरणगावच्या फॅक्टरीत कामाला आहे. तो बापाचा हात धरून उभा होता. आबांनी मान हलवली. तिसऱ्या झाकणाचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. तेजसलाही नाही.

दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, सगळं झालं. तिच्या साड्या जाऊबाई कुंदाबाई घेऊन गेल्या. गोळ्या फेकल्या. बाटली मात्र आबांनी देवळीत, आरशाच्या मागे ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही.

वर्ष उलटल्यावर एक वेगळीच पंचाईत सुरू झाली. आबांना खात्री वाटेनाशी झाली. तिसरं झाकण खरंच दर वेळी टाकलं होतं का? का पहिल्या दिवशीच टाकलं आणि मग उलटी होत नाही असं बघून बंद केलं? हाताला आठवत होतं, पण हाताचं काय, चाळीस वर्षं तो रोज झाकणं ओततोय. कधी वाटायचं, टाकलंच. कधी वाटायचं, नाही, मी एवढा बेअकली नाही. जेवताना वाटायचं, बैलाला पाणी दाखवताना वाटायचं. एक घास खाल्ला की दुसरा हातात राहायचा.

शेजारी सुकदेवच्या घरी त्याची सून मेघा संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची. सकाळी कॉलेजात शिकवते, संध्याकाळी घरी. तीही धुळ्याची. बेबाबाई असताना दोघींचं मधल्या भिंतीवरून अहिराणीत चालायचं आणि सुकदेवच्या घरच्यांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. भिंत अंगणातली, छातीएवढी. पलीकडे बोललेलं इकडे सगळं ऐकू येतं.

एका संध्याकाळी आबा अंगणात केळी बांधायच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले होते. पलीकडून मेघाचा आवाज आला.

"लिहा. पंधरा मिलिलिटर द्रावणात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळलेलं आहे. तर द्रावणाची संहती काढा. आधी ग्रॅमचे मोल करा. मग मिलिलिटरचे लिटर. एकक बदलल्याशिवाय भागाकार करायचा नाही, किती वेळा सांगितलं!"

आबांच्या हातातली दोरी सुटली. पंधरा मिली, दीड ग्रॅम. त्या बाटलीवर हेच आकडे होते. गणित भिंतीपलीकडे होतं आणि त्याला उत्तर होतं, कारण थोड्या वेळाने कोणीतरी उत्तर सांगितलं आणि मेघा म्हणाली, "बरोबर."

मुलं गेल्यावर आबा भिंतीपाशी गेले.

"मेघा, एक इचारू का? गणितच हाये."

"विचारा ना आबा. तुम्ही मला गणित विचारायचं म्हणजे उलटंच झालं."

"एक गाय हाये. तिले ते पोटॅशियम देलं. आत्ता तू सांगत होती तेच. दहा मिली द्यायचं व्हतं, पंद्रा देलं. दिवसातून तीनदा. चार दिवस. तं किती जास्त गेलं अंगात?"

मेघाने खडू ठेवला. "जनावराच्या डॉक्टरांना विचारलं का?"

"गाय गेली."

"अरेरे. कोणाची?"

"हाये एकाची. तू सांग."

मेघाने फळ्यावर लिहायला घेतलं. तिला गणित पडलं की राहवत नसे. दीड ग्रॅम भागिले साडेचौऱ्याहत्तर, म्हणजे जवळजवळ वीस मिलीमोल. पंधरा मिलीत वीस. म्हणजे दहा मिलीत तेरा आणि थोडे. दिवसाला चाळीस द्यायचे होते, साठ गेले. चार दिवसांत ऐंशी मिलीमोल जास्त. "रक्ताच्या कागदावर मिलीइक्विव्हॅलंट लिहितात, पोटॅशियमच्या बाबतीत आकडा तोच राहतो," ती म्हणाली. मग वळून तिनं विचारलं, "गाईचं वजन किती होतं? मोठ्या गाईला एवढ्यानं काही होणार नाही."

"बावन किलो," आबा म्हणाले.

मेघा खडू हातात धरून उभी राहिली.

"आबा, बावन्न किलोची गाय?"

"वासरू व्हतं."

फळ्यावरचे आकडे तिनं पुसले नाहीत. ती हळूच म्हणाली, "बेबामावशींच्या बाटलीत काही उरलंय का, आबा?"

आबांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

"मले आठवत नाही, मेघा," ते शेवटी म्हणाले. "दोन झाकणं टाकत व्हतो का तीन. कधी वाटते दोन. देवाशपथ नाही आठवत."

"बाटली दोनशेची?"

"दोनशेची. दुसरी नाही आणली."

"दोन झाकणं दिली असतील तर बारा वेळचे एकशेवीस गेले, ऐंशी उरले असतील. तीन दिली असतील तर एकशेऐंशी गेले, वीस उरले असतील." तिनं हे बोलून टाकलं आणि मग आपण ते बोललो याचं तिलाच वाईट वाटलं असावं. "आबा, पण मोजून काय करायचंय आता?"

आबांनाही हा हिशोब कधीचा सुचला होता. तो त्यांना सुचणार नाही तर कोणाला? म्हणूनच तर बाटली आरशाच्या मागे होती. ऐंशी का वीस. एवढंच बघायचं होतं आणि तेरा महिने बघितलं नव्हतं. बाटली तपकिरी, लेबल चारी बाजूंनी. उचलल्याशिवाय आत किती आहे ते दिसत नव्हतं आणि त्यांनी ती उचलली नव्हती.

"तुह्या कॉलेजात मोजायचं भांडं असन ना?" त्यांनी विचारलं. "माह्या घरातल्या मापाले फवारणीचं औषध लागेल हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा शंभर मिलीचं काचेचं मोजपात्र रुमालात गुंडाळून घेऊन आली. घरात दोघंच. आबांनी आरशाच्या मागे हात घातला. बाटली हातात आल्याबरोबर त्यांना कळलं. ज्याने आयुष्यभर बाटल्या हातात तोलल्या त्याला मोजायची काय गरज? तरी ते म्हणाले, "ओत तू. माह्या हातानं नको."

मेघाने ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरली. मोजपात्र पाटावर ठेवून ती खाली वाकली आणि डोळा औषधाच्या रेषेशी नेला, मुलांना शिकवते तसा. मग बाजूला सरकली. आबा वाकले.

वीस.

एकोणीस नाही की एकवीस नाही. एक मिलीही कमीजास्त असता तर त्यांनी म्हटलं असतं, काहीतरी सांडलं, एखाद्या वेळी विसरलो, एखाद्या वेळी दोनच टाकली. बारा वेळा त्यांनी काठोकाठ तीन झाकणं भरली होती आणि बारा वेळा एक थेंब सांडला नव्हता. हिशोब बरोबर आला.

"हात चांगला हाये माहा," आबा म्हणाले.

मेघानं मान खाली घातली.

मग आबांनी कोनाड्यातून पेन घेतलं, कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले. "तू काल ऐंशी म्हनली. जास्तीचे ऐंशी. आता बघ. बावन किलोच्या अंगात निम्मं पानी धर. सव्वीस लिटर. आपला ड्रम असतो तसं. सव्वीस लिटरमधी ऐंशी टाकले. लिटरले तीन झाले. कागदावर आलं व्हतं सात पूर्णांक चार. त्यातून तीन काढले तं उरले चार पूर्णांक चार. आन कागदावरच लिहेल हाये, साडेतीन ते पाच म्हंजे चांगलं." त्यांनी चार पूर्णांक चारच्या खाली रेघ ओढली. "तिसरं झाकण नसतं तं ती चांगली असती."

मेघा घाईनं म्हणाली, "नाही आबा, तसं नसतं. थांबा. द्या इकडे." तिनं पेन घेतलं. "तुमच्याच पद्धतीनं करते. दोन झाकणांचे चार दिवसांचे झाले एकशेसाठ. भागिले सव्वीस. लिटरला सहा. आधी होतं दोन पूर्णांक नऊ. म्हणजे नुसत्या दोन झाकणांनीच ते नऊ व्हायला हवं होतं. तुमचं तिसरं धरलं तर बारा. आणि आलंय किती? सात पूर्णांक चार. बघा. तुमचं गणित दोन्हीकडून बसत नाही."

आबांनी आकडे बघितले. खरोखरच बसत नव्हतं.

"माणूस ड्रम नाही, आबा. ड्रममध्ये टाकलेलं ड्रममध्ये राहतं. अंगात ते पेशींमध्ये जातं, लघवीतून जातं, जुलाबातून जातं. पेशींत किती गेलं, गोळीनं किती गेलं, किडनीनं किती टाकलं, जेवणातून किती आलं, काहीच मोजलेलं नाही. समीकरण एक आहे आणि न कळलेले आकडे चार. मी नाही सोडवू शकत. कोणीच नाही."

तिनं हे त्यांना दोषातून सोडवण्यासाठीच म्हटलं होतं. आबा कागदाकडे बघत बसले. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी बेबाबाई त्यांना म्हणाली होती, तुम्हाला हिशोब सुटला नाही की तुम्ही जेवत नाही, मग सुटणारेच हिशोब घेत जा. ते त्यांना आठवलं.

"मंग मले एक सांग," ते म्हणाले. "दोनच झाकणं देली असती तरी ती गेली असती का?"

"गेली असती, असं होऊ शकतं."

"आन वाचली असती?"

खोटं बोलावं असं मेघाच्या मनात आलं असणार. पण ती शिकवणारी होती, आणि समोरचा माणूस आकडे ओळखणारा होता.

"तेही होऊ शकतं, आबा."

"म्हंजे कळनारच नाही."

"नाही."

"कधीच?"

"डॉक्टरांना विचारा. सगळं सांगा त्यांना."

"डॉक्टर म्हनले, किडनी कमजोर व्हती. तिसऱ्या झाकणाचं मी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तं ते काय करतीन? म्हनतीन, मनाले लावून घेऊ नका, बाबा. अजून काय म्हनतीन?" आबांनी कागदाची घडी केली. "दोष माहा हाये असं निघालं असतं तं दोष घेतला असता. नाही असं निघालं असतं तं एक घास सुखानं खाल्ला असता. मी कोनत्याबी उत्तराले तयार व्हतो, मेघा. हे काही उत्तर नाही झालं."

मेघा रडायला लागली. "मावशी मला म्हणायच्या, आमच्या ह्यांचं माप कधी चुकत नाही."

"नाहीच चुकलं," आबा म्हणाले. "वीस भरलं ना."

त्यांनी मोजपात्रातलं औषध परत बाटलीत ओतलं. झाकण लावलं. बाटली आरशाच्या मागे ठेवली. मोजपात्र दोनदा धुऊन, पुसून मेघाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कॉलेजचं हाये. सांभाळून ने."

चार-पाच दिवसांनी सकाळी नवल ओट्यावर आला. त्याची बाग आबांच्या घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. पाठीवर पंप, हातात नवी बाटली.

"आबा, करपा दिसू राह्यला पानांवर. हे आणलं सावद्याहून. पंद्रा लिटरच्या पंपाले किती झाकणं? वाऱ्याचं धरून सांगा."

आबांनी बाटली घेतली. अक्षरं दिसत होती. लिटरला एक मिली. झाकण पाचचं. उत्तर तीन, आणि ते वाचायच्या आधीच डोक्यात आलेलं होतं.

"लेबलवर लिहेल हाये," ते म्हणाले.

"ते मी वाचलं. पन तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगितलं म्हंजे बरोबरच."

आबांनी बाटली त्याच्या हातात परत दिली.

"मले नाही येत."

नवल हसला. "काय आबा, सकाळी सकाळी गरिबाची फिरकी घेता!" मग आबांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसणं थांबलं. "बरं नाही का वाटत? तेजसभाऊले फोन लावू?"

"बरा हाये मी. जा तू."

नवल पंप सावरत रस्ता ओलांडून गेला. बांधावर त्याने पंप खाली ठेवला, पाणी भरलं आणि झाकण उघडलं. ओट्यावरून सगळं दिसत होतं. एक. दोन. तीन.

नवल थांबला. त्याने बाटली तिरपी करून लेबल बघितलं, आकाशाकडे बघितलं. वारा जरासाच होता, केळीची पानं कडेला तेवढी हलत होती.

आबा ओट्यावर उठून उभे राहिले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. काय सांगायचं, टाक की टाकू नको, ते त्यांना ठरवता आलं नाही.

नवलने चौथं झाकण भरलं, काठोकाठ, आणि पंपात ओतलं.